पागोळीच्या आतली जागा

आमच्या बंदर आळीत आगोट लागल्याचं कॅलेंडर बघून कळत नाही, शिंकेवरून कळतं. वैशाखातल्या एका सकाळी मशिदीच्या कोपऱ्यावर कुणीतरी शिंकतं, मग त्याच्या समोरचा, मग चहावाला, आणि बघता बघता शिंक बंदरापर्यंत पोचते. दोष आमचाच. आमचा मिरची कांडपाचा डंक आहे. लोखंडी उखळात लोखंडी मुसळं वरखाली होत असतात, आणि पावसाळ्याआधी आजूबाजूच्या सगळ्या गावांचा वर्षाचा मसाला आमच्याकडे कुटला जातो. यंदाची पहिली शिंक तीनेक आठवड्यांमागे ऐकली. ऐकली आणि हातातली चाळण खाली ठेवून मी आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं कुणी येत तर नाही ना! ही खोड मला दोन वर्षांमागच्या आगोटीने लावली.

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. होड्या वर ओढून झाकायच्या, लाकूडफाटा पडवीत रचायचा, मीठ भरायचं, आणि जे जे वाळतं ते ते वाळवून डब्यात घालायचं. आता घरोघरी फ्रीज आहेत, मोबाइलवर मागवलेलं दारात येऊन पडतं, मुंबईला असलेली मुलं मसाल्याची चकचकीत पाकिटं आणून आईपुढे ठेवतात. आई ती पाकिटं शोकेसमध्ये ठेवते आणि मिरच्या घेऊन आमच्याकडे येते. पाकिटात काय घातलंय ते कुणी बघितलंय?

बंदर आळीत घराला घर लागून आहे, अंगण कुणालाच नाही. म्हणून रस्ता हेच सगळ्यांचं अंगण. वैशाखात एका कडेला मिरच्यांच्या लाल चटया, पलीकडे आमसुलं, मधूनच कुणाचे पोह्याचे पापड. वरून ऊन आणि खालून तापलेली जमीन, त्यामुळे वाळवण असं खणखणीत होतं की मूठ भरली तर आवाज येतो. रिक्षावाले चाक वळवून वळवून जातात, कारण त्या पापडांतले काही त्यांच्याही घरचे असतात. बाहेरचा माणूस आला की नाक दाबतो. मिरचीचा खकाणा, कोकमाचा आंबूस वास आणि सुक्या मासळीचा घमघमाट असं ते मिश्रण आहे. मी माहेरी गेले की दोन दिवसांत त्याची आठवण येऊन नाक रिकामं वाटायला लागतं.

मासळीचा वास जैतूनचा. आमच्या पडवीच्या कडेला ती सुके बोंबील, जवळा, वाकट्या घेऊन बसते. तिच्याआधी तिथे तिची सासू बसायची, आणि डंकावर माझ्या सासूबाई असायच्या. जागेचा कागद नाही, भाडं नाही. आमच्याकडे रीत अशी, की छपराची पागोळी जिथे पडते तिथवर घराची हद्द, आणि पागोळीच्या आत बसेल तो माणूस त्या घरचा. त्याला उठवायचं नाही, आणि त्यानेही मधे भिंत घालायची नाही. आगोटीच्या पहिल्या दिवशी जैतून मूठभर जवळा आमच्या उंबऱ्यावर ठेवते, आम्ही तिचा मसाला कुटून देतो, झाला करार. तिचा नवरा होडीवर होता, तो गेला. मुलगा कुवेतला असतो आणि दर फोनला सांगतो, अम्मी, आता घरी बस. 'घरात बसले तर मेलेच,' असं ती मला सांगते. बोर्ली पंचतनपासून बायका तिच्याकडे येतात त्या बोंबलांइतक्याच त्या जागेच्या ओळखीने येतात. डंकाच्या बाजूची जैतून, एवढा तिचा पत्ता. ती जागा हलली तर जैतून कुठे सापडणार?

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. माझं माहेर तळ्याकडचं, भातशेतीचं. शेतात मोजणीवाला आला की माझे वडील त्याला पाट द्यायचे, पाणी द्यायचे, भाकरी-लोणचं द्यायचे, पण बांध कुणाचा असं त्याने विचारलं की डोळ्यांवर हात धरून म्हणायचे, 'आता दिसत न्हाय हो मला.' नजर त्यांची शेवटपर्यंत घारीची होती. 'मोजायला आलेला माणूस काय द्यायला येत न्हाय' हे वाक्य त्यांनी मला सासरी पाठवताना आंदण दिल्यासारखं दिलं, आणि मी ते भांड्यांपेक्षा जास्त वापरलं. या किनाऱ्यावर ते वापरायची संधीही खूप येते. आज कुणी जागा बघायला येतो, उद्या कुणी जागेचा फोटो काढायला, परवा त्या जागेला कुंपण पडलेलं असतं. संशय घ्यायला आम्हाला शिकवावं लागत नाही. समुद्र अगदी शांत दिसला की इथले खलाशी आधी दोरखंड तपासतात.

तर त्या वैशाखात बाजाराच्या तोंडाशी नगरपंचायतीचा एक फलक लागला. 'आपला रस्ता, आपली कल्पना.' बंदर आळी नव्याने बांधायची होती, आणि ती कशी बांधायची हे म्हणे घरोघर सर्व्हे करून आम्हाला विचारणार होते. आमच्या ह्यांनी फलक वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"रस्ता आपला कधी झाला?" हे म्हणाले. "खड्डा दाखवायला गेलो तेव्हा तर कुणाचाच नव्हता."

घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, तशी आमची गत. ऐन आगोट, डंकापुढे मिरच्यांच्या पिशव्यांची रांग, आणि त्यात ही कल्पना. समोरच्या रमणिकशेठचं किराणाचं दुकान आहे. त्यांचे आजोबा गुजरातेतून आले, पण शेठ बोलतात आमच्यासारखंच, फक्त वाक्याचं शेपूट वेगळीकडे वळतं. संध्याकाळी ते रस्ता ओलांडून आमच्या पडवीत आले. ते रस्ता ओलांडतात तेव्हा काहीतरी गंभीर असतं.

"वहिनी, समजून घ्या हां," ते खालच्या आवाजात म्हणाले. "हे लोक आधी विचारतो, मग लिहितो, मग जेसीबी येतो. रस्त्यावर कोण काय ठेवतो, कोण कुठे बसतो, सगळा लिहून नेणार. त्यालाच अतिक्रमण बोलतात."

"मग करायचं काय?"

"काय करायचा नाय. काय ठेवायचा नाय, काय बोलायचा नाय. विचारला तर सांगायचा, आम्ही तर दुकानाच्या आत असतो."

मला शेठ एरवी फारसे पटत नाहीत, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून माझे वडील बोलतायत असं वाटलं. निरोप सगळ्या आळीत फिरला. कुणी ठरवलं, कधी ठरवलं हे आजही सांगता यायचं नाही, पण सर्व्हेच्या आदल्या संध्याकाळी मिरच्यांच्या चटया गुंडाळून माळ्यावर गेल्या. आमसुलं परातींतून आत गेली. चहावाल्याने बाकडं उचलून मागे लावलं. आमच्या ह्यांनी पडवीपुढे बांबूवर टाकलेली ताडपत्री सोडली आणि घडी करून डंकामागे ठेवली. जैतूनने बसायची फळी आमच्या न्हाणीत आणून उभी केली, टोपल्या घरी नेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि मला माझीच आळी ओळखू येईना. इतकी रुंद होती ती? कधी दिसलीच नव्हती. टोकाला बंदराचं पाणी थेट दिसत होतं. शिंक नाही, खकाणा नाही. कावळेसुद्धा येऊन बघून परत गेले. कुणाच्या घरी कुणी गेलं असावं, तशी सामसूम होती. पण तेव्हा मी स्वतःला म्हटलं, बरं झालं. काय लिहायचं ते लिहा म्हणावं आता.

सर्व्हेला आली ती सानिका नावाची मुलगी, मुंबईहून आलेली आर्किटेक्ट. उन्हाने लाल झालेली, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, हातात कागद लावलेली पाटी. मी तिला पाणी दिलं. वडिलांचीच शिकवण.

"काकू, आम्ही काही पाडायला नाही आलोय," ती म्हणाली. "तुम्ही लोक हा रस्ता कसा वापरता, ते फक्त समजून घ्यायचंय."

काही पाडायला आलो नाही, हे न विचारताच सांगणारा माणूस पहिल्यांदा बघत होते. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

"आम्ही कुठे वापरतो?" मी म्हणाले. "येतो-जातो."

"काही वाळत घालता? बसता संध्याकाळी? काही विक्री?"

"काही नाही हो. इथे कोण बसतंय?"

प्रत्येक दारात तिला हेच उत्तर मिळालं. रमणिकशेठांनी तर तिला आत बसवून सरबत दिलं आणि रस्त्याकडे आपण बघतही नाही असं सांगितलं. जैतून तेवढी घरी थांबायला हवी होती, पण राहवलं नाही तिला. छत्री घेऊन आमच्या दारात येऊन उभी राहिली, काय होतंय ते बघायला. सानिकाने तिला विचारलं, "मावशी, तुम्ही इथल्याच का? इथे काही विकता?"

"मी? न्हाय गो बाय," जैतून म्हणाली. "मी बोर्लीची. पावणी आलेय वैनीकडं."

बोर्लीला जैतून लग्नकार्याशिवाय कधी राहिलेली नाही. शिवाय तिच्या अंगाला सुक्या बोंबलाचा वास येत होता, आणि जिथे ती उभी होती तिथेच फरशीवर तिच्या टोपल्यांतल्या मिठाने उठलेला पांढरा चौकोन होता. सगळं उचललं, पण तो चौकोन कुणाला उचलता आला नव्हता. सानिकाने चौकोनाकडे बघितलं, जैतूनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पाटीवर काहीतरी लिहून ती पुढे गेली. आम्ही जिंकल्यासारख्या एकमेकींकडे बघून हसलो. संध्याकाळी आळीत चहाच्या दोन फेऱ्या जास्त झाल्या.

मला कधीकधी वाटतं, लपवायची कला आमच्या लोकांना इतकी छान येते, की ती कुठे थांबवायची हे कुणी सांगितलंच नाही. भात लपवायचं, बांध लपवायचा, आजार लपवायचा, मुलीचं ठरत आलेलं लग्न लपवायचं. नजर लागते म्हणून, कर लागतो म्हणून, कुणाचा तरी डोळा असतो म्हणून. पण स्वतःची अख्खी आळी लपवून ठेवल्यावर ती परत मागायची कुणाकडे, हा प्रश्न आम्हाला पडला नाही.

वैशाख सरत आला तेव्हा नकाशा तयार झाल्याचं कळलं. नगरपंचायतीच्या सभागृहात तो भिंतीवर लावला होता, सोबत मोठं रंगीत चित्र. आम्ही सगळे एकत्र गेलो, बायका पुढे, शेठ मागे. चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? गुळगुळीत फरसबंदी, नक्षीचे दिवे, ठरावीक अंतरावर बाक. टोपी घातलेली एक बाई कुत्र्याला पट्ट्याने फिरवत होती. आमच्या आळीत कुत्र्याला असं फिरवणारा एकही माणूस नाही. कुत्रीच आमची सोबत करत बंदरापर्यंत येतात. आमच्या डंकाच्या दारात निळ्या फुलांची कुंडी होती. मिरच्या नव्हत्या, ताडपत्री नव्हती. आणि पडवीच्या कडेला सिमेंटचा मोठा हौद करून त्यात एक ताडासारखं शोभेचं झाड लावलेलं होतं. बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सध्याचा वापर: नगण्य.'

जैतूनला वाचता येत नाही, पण चित्र कळलं. ती बोट न लावता त्या झाडाकडे बघत राहिली.

"माज्या जागंवर झाड लावलंनी," ती म्हणाली.

मग आवाज चढले. शेठ म्हणाले, "मी काय बोलला होता? सगळा आधीच ठरलेला होता! कुठल्यातरी हॉटेलवाल्यासाठी चाललाय हे." कुणी म्हणालं, विचारायचं निव्वळ नाटक. मी तर त्या मुलीला नाही नाही ते बोलले. पंख्याखाली बसून चित्रं रंगवता, उंटावरून शेळ्या हाकता, एका बाईच्या पोटावर झाड लावता. सानिका ऐकत राहिली. मग तिने लॅपटॉप उघडून त्या दिवशीचे फोटो दाखवले. फोटोत आमची आळी रिकामी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, झाडून काढल्यासारखी.

"मी विचारलं होतं, काकू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "प्रत्येक दाराशी विचारलं होतं. तुम्ही सगळे म्हणालात, इथे कोणी बसत नाही."

आपलेच दात नि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार! शेठ खिडकीबाहेर बघायला लागले. राग तर माझा जात नव्हता, पण तो ठेवायला जागा सापडेना. आणि तरी, खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, ही पोरगी इतकी शांत कशी? हिला आधीच ठाऊक असणार.

"हरकत घ्यायला मुदत आहे अजून," सानिका म्हणाली. "शनिवारी मी परत येते. जे दिसेल ते काढेन. जे दिसणारच नाही, ते मी कसं काढू?"

डंकावर आल्यावर मी जैतूनला म्हटलं, "शनिवारी येऊन बस. सगळं मांडून बस."

"न्हाय बसनार," ती म्हणाली.

"का गं?"

"एकदा न्हाय बोलले. आता व्हय बोलले तर खोटी पडन. खोट्या बाईला जागा कोन देल?" ती फळीवर नाही, उंबऱ्यावर बसली होती, पाहुणीसारखी. "आन् फोटू काडून नेला, नि उद्या तोच फोटू दाखवून उठवलं तर? ही बघा बोलतील, हीच बसते रस्त्यावर. मग?"

तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, किंबहुना मनात हेच म्हणत होते. न दिसलं तर जागा जाणार, दिसलं तर माणूस धरला जाणार. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "दोन्हीकडून मरायचंच असेल तर बसून मरावं, उभं राहून कशाला?" ह्यांचं बोलणं असं असतं, अर्धं थट्टेचं. त्या वेळी मला हसू आलं नाही.

शनिवार उजाडला. प्रत्येक घराच्या दाराला फट होती आणि प्रत्येक फटीत एक डोळा. रस्ता पुन्हा तसाच, रिकामा. पहिलं कुणी मांडायचं? उन्हं वर आली तरी कुणी हलेना. शेवटी हे उठले, डंकामागून ताडपत्री काढली आणि बांबूला बांधायला लागले. मला ते बघून कुठून बळ आलं कुणास ठाऊक, मी माळ्यावर चढून मिरच्यांची चटई खाली ढकलली. मिरच्या रस्त्यावर पसरल्या. आयुष्यभर जे डोळे मिटून केलं ते कुणी बघतंय म्हणून करायला किती जड जातं! मग पलीकडून आमसुलांची परात आली. चहावाल्याचं बाकडं आलं. रमणिकशेठांनी आधी रिकामी पोती बाहेर ठेवून बघितली, अंदाज घ्यायला. काही होत नाही म्हटल्यावर मिठाची भरलेली पोती आली. कुणीतरी शिंकलं, आणि अख्खी आळी हसली.

सानिका आली, दारोदार थांबत, या वेळी विचारत नव्हती, नुसती बघून काढत होती. आमच्या पडवीशी आली तेव्हा पागोळीच्या आतला तो मिठाचा चौकोन तेवढा रिकामा होता. ती त्याच्यापाशी उभी राहिली. मी सांगणार होते. पागोळीच्या आतलं माणूस माझ्या घरचं, त्याच्यासाठी बोलायचा हक्क मला होता. पण जिने स्वतः नाही म्हटलंय तिच्या वतीने हो म्हणायचं कसं?

तेवढ्यात मशिदीच्या कोपऱ्यावरून जैतून आली. डोक्यावर टोपली, काखेत दुसरी. कुणाकडे न बघता न्हाणीतून फळी काढून आणली, चौकोनावर टाकली आणि बसली. बोंबील मांडायला लागली, मोठे एकीकडे, लहान एकीकडे, नेहमीसारखे.

सानिका खाली वाकली. "मावशी, तुम्ही तर बोर्लीच्या ना?"

"व्हते," जैतून मान वर न करता म्हणाली. "आज हितली झाले."

सानिका हसली, मीही. जैतून हसली नाही. "नाव काय लिहू?" सानिकाने विचारलं.

जैतूनचा हात थांबला. "नाव कशाला? बसलेली दिसतेय ना तुला? तेवडंच काड."

सानिकाने पाटीवर एक छोटा गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'सुकी मासळी.'

नकाशा बदलला. ते झाड चित्रातून उचलून दुसरीकडे नेलं. मग पाऊस, मग गणपती, मग कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, आणि मला वाटलं, झालं, चित्रच ते, भिंतीवरच राहणार. पण मागच्या थंडीत काम सुरू झालं. खडीचे ढीग पडले, गटारं उघडी पडली, आम्ही सगळ्यांना शिव्या दिल्या. होळीच्या आसपास आमच्या पडवीच्या कडेला, बरोब्बर त्या मिठाच्या चौकोनावर, जांभ्या दगडाचा ओटा उभा राहिला. गुडघ्याएवढा उंच, वर पत्र्याचं छोटं छप्पर, खाली पाणी जायला वाट.

यंदाची आगोट ही ओटा झाल्यावरची पहिली. रस्ता गुळगुळीत झालाय, मिरच्या आधीपेक्षा लवकर वाळतात, आणि रमणिकशेठ म्हणतात की फरशी इतकी चांगली केली त्यात काहीतरी आहे. ओट्यावर पुढेमागे कर लावतील, हा त्यांचा अंदाज. माझा अंदाज वेगळा आहे. एक दिवस कुणीतरी रंगाचा डबा घेऊन येईल, ओट्यावर नंबर टाकेल, आणि मग तो नंबर दुसऱ्या कुणाचा तरी निघेल. हे म्हणतात, "तुम्हा दोघांना स्वर्गात ओटा मिळाला तरी खालून ठोकून बघाल."

आणि जैतून? जैतून ओट्याच्या बाजूला बसते. खाली, जमिनीवर, फळी टाकून. आगोटीचा पहिला मूठभर जवळा तिने नेहमीसारखा आमच्या उंबऱ्यावर ठेवला, आणि ओट्याला वळसा घालून जाऊन बसली. रिकामा ओटा बघवेना म्हणून मी त्यावर मिरच्या वाळत घालते.

मागच्या आठवड्यात सानिका काम बघायला आली. ओट्यावरच्या मिरच्या बघून तिचा चेहरा पडला.

"मावशी, उंच झाला का ओटा?"

"न्हाय गो. बराबर हाय."

"मग बसत का नाही?"

"मिरच्या बऱ्या सुकतात त्याच्यावर," जैतून म्हणाली. "वैनीला इचार."

सानिकाने माझ्याकडे बघितलं. मी मिरच्यांकडे बघितलं. ती गेल्यावर मी जैतूनवर चिडले. पोरीने इतकं केलं, चांगले दोन शब्द तरी बोलायचे! जैतून बोंबलाची जुडी बांधत होती. दोरा दातांनी तोडून म्हणाली, "वैनी, बसलेल्याला उठवाया भांडाया लागतं. दिलेलं काडून घ्याया निस्ता कागद लागतो."

माझ्या वडिलांना ही बाई फार आवडली असती. ते वाक्य दिवसभर डंकाच्या ठोक्याबरोबर डोक्यात वाजत राहिलं. आम्ही रस्ता मिळवला, की फक्त कुणाच्या तरी मर्जीवर आलो? आणि हे असं आयुष्यभर ठोकून बघत राहायचं असेल तर सुखाने बसायचं कधी?

काल दुपारी पश्चिमेकडे आभाळ काळं झालं. वारा सुटला, चटया उडायला लागल्या, आळीत आवराआवर झाली. मी डंक बंद करून आत खिडकीशी उभी होते. बाहेर जैतून एकटीच. तिने आधी मशिदीकडे बघितलं, मग बंदराकडे. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग माझ्या मिरच्यांची चटई हळूच एका बाजूला सरकवली, ओट्याच्या दगडावर मूठ आपटून बघितली, पुन्हा आपटली. फळी वर ठेवली. टोपल्या वर ठेवल्या. आणि चढून बसली.

मी बाहेर आले तशी ती म्हणाली, "खालून पानी आलं तर बोंबील भिजतील. म्हनून."

"बरोबर आहे," मी म्हणाले. पाणी येईल असा एक थेंबही अजून पडला नव्हता.

वर बसल्यामुळे तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या समोर आला होता. इतकी वर्षं मी तिच्याकडे वरूनच बघत आले होते, हे मला तेव्हा कळलं, आणि लाज वाटली. ती रस्त्याकडे बघत होती.

"कुनी इचाराया आलं, हितं कोन बसतं म्हनून, तर काय सांगशील?"

"पाहुणी आलेय म्हणेन. बोर्लीची."

ती हसली नाही. पदर नीट केला. "नाव सांग. पुरं सांग. जैतून इब्राहिम, बंदर आळी. आन् माज्या सासूचं पन सांग. पयली ती बसली व्हती."

"तिचं नाव काय होतं गं?" मी विचारलं. सगळी आळी तिला बोंबीलवाली म्हणायची, माझ्या सासूबाईसुद्धा. मला कधी विचारायचं सुचलं नव्हतं.

जैतूनने पुन्हा एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. मग मला खुणेने जवळ बोलावलं, आणि वाकून कानात सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. कुणी ओट्यापाशी येऊन विचारलं तर सांगेन. पण आधी तो कुठून आलाय, ते विचारून घेईन.